शुक्रवारची चाचणी

कुठलंही यंत्र बंद पडलं की काका आधी त्याच्या अंगावरून हात फिरवायचे, आजारी वासरावरून फिरवावा तसा. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून म्हणायचे, "उघडल्याशिवाय कळत नाही." ऑफिसचा फॅक्स, साहेबांचं घड्याळ, माझ्या बायकोचा मिक्सर, सगळ्यांना एकच न्याय. उघडलेलं सगळं पुन्हा मिटायचंच असं मात्र नाही. मिक्सरचे दोन स्क्रू अजून आमच्या घरात आहेत.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. दुबईच्या देरा भागातल्या आमच्या ऑफिसात हे होते. आम्ही टाइल्स आणि नळ विकायचो. मी कागदपत्रं बघायचो आणि काका नमुन्यांची खोकी सायकलवरून दुकानादुकानांत पोचवायचे. पन्नाशीचे, मिरजेचे, एका खोलीत सहा जणांत राहणारे. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत सहा वेळा नापास. "पोलीस शेजारी बसला की माझा पाय ब्रेकवरून निघतच नाही," असं न लाजता सांगायचे. दुबईत त्यात लाजण्यासारखं काही नव्हतंच म्हणा.

धंदा वाढला, खोकी वाढली आणि काकांचे गुडघे कुरकुरू लागले. एक दिवस मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावलं. "काका, दस बजे तक माल पहुँचता नहीं. अगले महीने से ड्रायव्हर रखेंगे."

नोकरी गेली की व्हिसा गेला. तिकडे मुलगी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "तिची दोन वर्षं निघाली पाहिजेत," काका मला म्हणाले. "मग मला कुणी थांब म्हटलं तरी मी थांबत नाही."

गोडाऊनमध्ये एक चिनी इलेक्ट्रिक सायकल धूळ खात पडली होती. कुण्या सप्लायरने नमुना म्हणून पाठवलेली. काकांनी ती मागून घेतली. एकट्या माणसाला ती बरी ओढायची, पण दोन खोकी बांधली की हातगाडीवाले पठाण हसत पुढे निघून जायचे. मोटरच लहान होती.

"नवीन मोटर चारशे दिरहॅम. म्हणजे पाच हजार रुपये," काका म्हणाले. "पोरीची मेस चालते त्यात चार-पाच महिने."

मग त्यांनी शारजाच्या भंगारातून एका मोडक्या सायकलचं मागचं चाक आणलं, मोठ्या मोटरसकट, शेअर टॅक्सीत मांडीवर घेऊन. सायकलच्या दोन बॅटऱ्यांच्या जोडीला तिसरी ऑफिसच्या टाकून दिलेल्या यूपीएसमधून निघाली. राहिला कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज बेताने सोडणारी डबी. मोठी डबी महाग होती. काकांनी जुनीच ठेवली.

शुक्रवारी सकाळी चाचणी झाली. मी मुद्दाम बघायला गेलो. टाइल्सनी भरलेली दोन खोकी घेऊन ती सायकल खाडीच्या कडेने सरळ, न अडखळता, पार टोकापर्यंत गेली. परत आले तेव्हा काका नवरदेवासारखे दिसत होते. "यल्ला, चला," ते म्हणाले, "आता उद्या दहाच्या आत."

शनिवारी तिसऱ्या सिग्नललाच धूर निघाला.

शुक्रवारी सुट्टी, सगळा देरा झोपलेला. काकांना कुठे थांबावंच लागलं नव्हतं. शनिवारी दर पन्नास पावलांवर थांबायचं आणि तेवढं ओझं घेऊन पुन्हा निघायचं. उभी सायकल हलवतानाच मोटर सगळ्यात जास्त वीज ओढते, ते त्या जुन्या डबीला सोसलं नाही. दहा वर्षं दुबईत काढलेल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी चाचणी घ्यावी. आणि मी शहाणा शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

काकांनी खोकी खांद्यावरून पोचवली. दुपारी जेवायला आले नाहीत म्हणून बघितलं, तर जिन्यात जळकी डबी पुढ्यात घेऊन बसलेले.

"उघडली?" मी विचारलं.

"उघडली. मोटरचा दोष नाही, माझा आहे." मग खिशातून एक पाकीट काढलं. सातव्या परीक्षेसाठी बाजूला ठेवलेले पैसे. "लायसन्स खलास. मोठी डबी आणतो."

"काका, लायसन्स मिळालं तर ड्रायव्हर म्हणून तुम्हालाच ठेवतील."

"मिळालं तर ना? सहा वेळा या माणसावर पैसे लावले," स्वतःच्या छातीवर बोट ठेवत ते म्हणाले. "एकदा मोटरवर लावून बघतो."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

मोठी डबी बसली. सुटताना आधी दोन पायडल मारायची आणि मगच मोटर, असा नियमही त्यांनी स्वतःला घातला. यावेळी चाचणी भर गर्दीत, सोमवारी सकाळी. पावणेदहाला काका रिकाम्या कॅरिअरने परत आले. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. ड्रायव्हरचा विषय पुन्हा निघाला नाही.

दोन वर्षांनी मुलीचा निकाल लागला. काकांनी पेढे वाटले आणि त्याच दुपारी राजीनामा दिला.

"पगार बढ़ा देता हूँ, काका. रुक जाओ," साहेब म्हणाले.

"साहेब, लडकी का हो गया."

शेवटच्या दिवशीही तीन खोकी होती. मी खिडकीत उभा होतो. खाली काका दोरी आवळत होते आणि वरचं खोकं कलत होतं. तेवढ्यात मॅनेजरसाहेब जिना उतरून आले, टाय खांद्यावर टाकला आणि ते खोकं दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, काकांची गाठ पक्की होईपर्यंत.

पावणेदहाला काका परत आले, हात धुतले आणि मिरजेला गेले.