टाकी मी फोडणार नाही!

जगभरातल्या खेळाडूंनी ती पाण्याची टाकी फोडली. मी फोडली नाही, आणि कुणी कितीही समजावलं तरी फोडणार नाही.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढं जे घडलं, त्यात माझी बाजू जरा लंगडी पडत जाते.

मी शाळेत भूगोल शिकवतो. पोरांना पर्जन्यछायेचा प्रदेश समजावताना मला नकाशा लागत नाही, खिडकीबाहेर बोट दाखवलं की भागतं. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, धरणाचा तळ दिसत होता आणि आमच्या कॉलनीत नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं. शहर मात्र जोमात वाढत होतं! आमच्या मागं नवीन इमारत उभी राहिली, तिचं नाव ‘लेक व्ह्यू’. (लेक म्हणजे तळं, हे मीच आप्पांना सांगितलं. आप्पा गच्चीवर जाऊन चारी दिशांना बघून आले आणि म्हणाले, “कुठंय?”)

आप्पा म्हणजे माझे वडील. पाचोडच्या बाजूला उभा जन्म मेंढरांमागं गेला. त्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली, मेंढरं चुलतभावाच्या हवाली झाली आणि मी आप्पांना बळंच शहरात आणलं. “चला आप्पा, आमच्याकडं नळ आहे!” असं मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. आठवड्यातून एकदा नळाचा तो सोहळा पाहिल्यावर आप्पा एवढंच बोलले, “व्हय, हाय खरा नळ.”

आता खेळाकडं येतो. आमची कोमल शेवटच्या वर्षाला होती. शिकवण्या घेऊन तिनं पैसे साठवले आणि एक कॉम्प्युटरवरचा खेळ घेतला. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक, आम्ही घरात त्याला ‘टाकीवाला खेळ’च म्हणतो.

“पप्पा, हा नुसता ठोकाठोकीचा गेम नाही. यात स्टोरी आहे.”

“बंदूक आहे ना?”

“बंदूक आहेच. पण भावना पण आहेत!”

या खेळात नायक दिसतच नाही. दिसतात फक्त त्याचे दोन हात आणि पुढं बंदूक. म्हणजे नायक आपणच! वाळवंटातलं एक गाव, गावावर एका जुलमी सरदाराचा ताबा, गावच्या टेकाडावर पाण्याची मोठी टाकी. नायकानं गोळ्या घालून टाकी फोडायची, पाण्याचा लोंढा सरदाराच्या छावणीवर जातो, छावणी वाहून जाते आणि गोष्ट पुढं सरकते. कोमलच्या मते हा सगळ्या खेळाचा कळस होता. तिनं मला लोकांची मतं वाचून दाखवली. कुणी लिहिलं होतं, टाकी फुटली तेव्हा अंगावर काटा आला. कुणी लिहिलं होतं, मी रडलो.

“आणि गावाचं काय?” मी विचारलं.

“कुठलं गाव?”

“ज्याची टाकी आहे ते! लोंढा गेल्यावर पितात काय ते लोक?”

“ते... ते नंतर दाखवत नाहीत.”

“बघा!” मी आप्पांकडं वळून म्हणालो. आप्पा पडद्याच्या कोपऱ्यातल्या शेळ्या बघत होते.

“लई हडकल्यात गं,” ते म्हणाले.

कोमलनं माझ्या हातात माऊस दिला. “घ्या पप्पा, एकदा फोडून तर बघा. मग बोला.” पडद्यावरचे ते दोन हात माझे झाले. समोर टाकी. बंदुकीचं टोक बरोबर तिच्या पोटावर. मी बोट उचललं आणि... माऊस खाली ठेवला.

“नाही फोडणार.”

“अहो पप्पा, खोटी टाकी आहे!”

“टाकी खोटी असेल. हात माझे आहेत.”

आतून आमची सौ. सुनंदा ओरडली, “ते हात मोकळे असतील तर भेंडी चिरून द्या!”

मी तेवढ्यावर थांबलो नाही. कोमलच्या मदतीनं माझं खातं उघडलं आणि मतांच्या पानावर मराठीत मत ठोकलं. पाचपैकी एक तारा. “पाण्याची टाकी फोडणाऱ्याला आमच्या भागात नायक म्हणत नाहीत. त्याला शोधत असतात. शिवाय टेकाडाचा उतार पाहता लोंढा छावणीकडं न जाता उलट बाजूला जाईल. खेळ बनवणाऱ्यांनी सातवीचा भूगोल पुन्हा वाचावा.”

खाली उत्तरांची झुंबड! एकानं लिहिलं, “काका, हा गेम आहे.” मी लिहिलं, “मी तुझा काका नाही.” दुसऱ्यानं लिहिलं, “टाकी फोडल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. जमत नसेल तर पत्ते खेळा.” हे मला झोंबलं. (पत्ते मला चांगले येतात, पण तो मुद्दा नव्हता.) मी तिथंच जाहीर केलं की येत्या रविवारी टाकीला ओरखडासुद्धा न पाडता मी गावाला पाणी देऊन दाखवतो.

येत्या रविवारी नळाचा दिवस होता. हे माझ्या ध्यानात नव्हतं असं नाही. सुनंदानं ते व्यवस्थित ध्यानात आणून दिलं होतं. ती आणि कोमल बिडकीनला मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला निघाल्या, तेव्हा दारात चपला घालता घालता तिनं मला तिसऱ्यांदा सांगितलं.

“पाणी आलं की हौदात पडतं. मोटार लावायची, वरची टाकी भरायची, पंचवीस मिनिटांनी मोटार बंद करायची. बाकी हौदातलं हौदात. त्याच्यावर आठ दिवस काढायचेत. कळलं?”

“मी भूगोलाचा शिक्षक आहे, सुनंदा.”

“म्हणूनच विचारतेय.”

अकरा वाजता नळ खळाळला. मी स्वतः जाऊन, स्वतःच्या हातानं मोटार लावली. हे मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर घरात आप्पांवर संशय घेतला गेला आणि तो अन्याय आहे. मोटार लावली आणि विचार केला, पंचवीस मिनिटं हातात आहेत, तेवढ्यात एक प्रयत्न होऊन जाईल.

खोलीचं दार लावलं, पंखा मोठा केला, आप्पांना शेजारी बसवलं आणि मोहीम सुरू केली. मला बसायचं असलं की नायक उडी मारायचा. उडी मारायची असली की हातबाँब फेकायचा, तोही स्वतःच्या पायाशी! सात वेळा मी असा माझ्याच हातानं गेलो. आठव्यांदा सरदाराच्या पहारेकऱ्यासमोर नेमका उभा राहिलो.

“राम राम घाल त्याला,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, इथं राम राम घालायचं बटण नाही!”

“मंग कसला खेळ?”

खरंच, कसला खेळ! बंदूक खाली ठेवायचीसुद्धा सोय नव्हती. दार उघडायचं तर बंदूक पुढं, म्हाताऱ्या बाईला वाट विचारायची तर बंदूक पुढं. मी हताश होऊन माऊस सोडणार, तेवढ्यात आप्पांनी पडद्यावर बोट टेकवलं.

“ती करडी शेळी बघ. दर खेपंला त्या खडकामागं जाते अन् परत येते. तोंड ओलं करूनच येत आसंल. जा तिच्यामागं.”

“आप्पा, ती चित्रातली शेळी आहे.”

“शेळी ती शेळीच. जा म्हनतो ना!”

मी गेलो. पळालो नाही, शेळीच्या चालीनं गेलो. खडकामागं चिंचोळी पायवाट, पायवाट टेकाडाला वळसा घालून टाकीच्या पाठीशी, आणि तिथं काय असावं? चाक! पाणी सोडायचं लोखंडी चाक! आमच्या कॉलनीच्या तोंडाशी लाईनमन आठ दिवसांनी फिरवतो, अगदी तसलं. मी बटण दाबलं आणि पडद्यावरच्या त्या दोन हातांनी पहिल्यांदा बंदूक खाली ठेवली. चाक धरलं. फिरवलं.

खालच्या दगडी कुंडात पाणी पडू लागलं. शेळ्या धावल्या. आप्पांचे डोळे पाणावले, माझेही. टाकी शाबूत आणि गावाला पाणी! एवढ्या मतांच्या ढिगात या चाकाचा कुणी उल्लेखही केला नव्हता.

“काय आवाज दिलाय बघा आप्पा पाण्याचा! पाठीमागून आल्यासारखा वाटतोय!”

“व्हय. पार गच्चीवरनं पडल्यावानी.”

“याला तंत्रज्ञान म्हणतात.”

आम्ही दोघं तो आवाज ऐकत बसलो. आठ-आठ दिवस थेंबाची वाट बघणाऱ्या माणसाला असा धो-धो आवाज ऐकायला मिळणं म्हणजे काय सुख असतं, ते बारा महिने नळ असलेल्यांना नाही कळायचं. थोड्या वेळानं आप्पाच अस्वस्थ झाले.

“दत्ता, कुंड भरलं आसंल आता. वाया चाललं. बंद कर की.”

माणसानं पाणी कसं वापरावं हे यांच्याकडून शिकावं! मी तत्परतेनं चाक उलटं फिरवलं. पडद्यावरची धार थांबली. आवाज थांबेना.

“नीट आवळ.”

“आवळलंय आप्पा.”

“मंग?”

मी चाक पुन्हा सोडलं, पुन्हा आवळलं. आवाज चालूच, उलट आता त्यात माणसांचा गलकाही मिसळला होता. मी ओळखलं, खेळात दोष आहे! लगेच मतांचं पान उघडलं आणि माझ्या मताखाली भर घातली. एकेक अक्षर शोधत, पण ठणकावून लिहिलं: “टाकी न फोडता गावाला पाणी देता येतं, हे मी सिद्ध केलं आहे. मात्र चाक बंद करूनही पाणी वाहण्याचा आवाज थांबत नाही. टाकी भरून वाहत असताना ज्यांना तिचं भान नसतं, अशा निष्काळजी माणसांनी पाण्यावर खेळ बनवू नयेत.”

पाठवलं. आणि दार धाडकन उघडलं.

दारात खालच्या मजल्यावरचे शेखभाई, गुडघ्यापर्यंत भिजलेले.

“अरे मास्टरसाब! कब से चिल्ला रा मैं! टंकी बह री तुमारी! जिना धुल गया, रोड धुल गया, लेक व्ह्यूवाले गाड्यां धो रे तुमारे पानी से!”

मी घड्याळाकडं पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते. मोटार शेखभाईंनीच बंद केली. मी धावत खाली गेलो. नळ केव्हाच गेला होता आणि हौदात डोकावलं तर तळाचा गिलावा दिसला, कोरडा नव्हे, पण लाजवेल इतपत ओला. रस्त्यावर मात्र चैतन्य होतं! बायका बादल्या घेऊन आमच्या पन्हाळीखाली उभ्या होत्या, दोन म्हशी डबक्यात बसल्या होत्या. पाणी उताराच्या दिशेनं लेक व्ह्यूच्या फाटकापाशी जाऊन साचलं होतं. (उताराबद्दलचा माझा अंदाज इथं अचूक ठरला. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.) त्या इमारतीला त्या दिवशी पहिल्यांदा नावाप्रमाणे तळं मिळालं!

आप्पा काठी टेकत खाली आले. हौदात वाकून बघितलं, रस्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“हयातभर मेंढरं राखली,” ते म्हणाले. “येका बी मेंढरानं येवढं सांडलं नाय.”

संध्याकाळी सुनंदा आणि कोमल परतल्या. रस्त्यावरचा चिखल ओलांडत सुनंदा आली आणि म्हणाली, “कुणाचं हो एवढं पाणी गेलं?” मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी काठीकडं. आमचे चेहरे बघून ती थेट हौदाकडं गेली.

तिथून परत आल्यावर तिनं आधी आप्पांवर संशय घेतला, मग त्यांच्याकडून शेळीपासून चाकापर्यंत सगळं ऐकलं, आणि तरी ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. तिनं वरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचे आठ दिवसांसाठी वाटे केले. रोज आप्पांना एक बादली, कोमलला एक बादली, स्वतःला एक बादली.

“आणि मला?”

“तुम्ही चाक फिरवा की!”

मला एक तांब्या मिळाला. आठ दिवस शेखभाई रोज सकाळी एक बादली वर आणून द्यायचे आणि दारातूनच विचारायचे, “मास्टर, चाक बंद किया क्या?” बादली पाहिजे असल्यानं मी हसून घ्यायचो.

कोमलचं मात्र वेगळंच चाललं होतं. करडी शेळी, पायवाट, चाक, सगळं तिनं खेळून तपासलं. चाक फिरवल्यावर गोष्ट पुढं जात नाही. सरदार छावणीत बसून राहतो, नायक टाकीखाली उभा राहतो, शेळ्या पाणी पितात, बस्स.

“पप्पा, याच्यापुढं गेमच नाही.”

“नसू दे,” मी म्हणालो. “शेळ्या पाणी पितायत, गाव जिवंत आहे, अजून किती पुढं जायचं?”

 तिनं तो खेळ तसाच ठेवला, टाकी न फोडता. मला तेवढं पुरलं.

पुढच्या नळाच्या दिवशी मोटारीच्या बटणाजवळ मला खुर्ची टाकून बसवलं होतं. समोर घड्याळ, शेजारी पहाऱ्याला आप्पा. तेवढ्यात कोमल मोबाईल घेऊन धावत आली. माझ्या मताला खुद्द खेळ बनवणाऱ्यांनी उत्तर दिलं होतं! सुनंदा हात पुसत बाहेर आली, शेखभाई जिन्यातच थांबले. कोमलनं इंग्रजी उत्तर सावकाश मराठीत करून वाचलं.

“आपल्या मताबद्दल आभार. आम्ही चाक तपासलं. ते बंद केल्यावर पाण्याचा आवाज बंद होतो. आवाज दुसरीकडून येत नव्हता ना, याची कृपया खात्री करावी.”

शेखभाई जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसले. सुनंदा हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. आप्पांनी घड्याळाकडं बोट केलं आणि मी निमूटपणे मोटार बंद केली.

मत मी मागं घेतलेलं नाही. एक तारा तसाच आहे, त्याखालचं निष्काळजी माणसांबद्दलचं वाक्यही तसंच आहे, कारण कोमल ते पुसू देत नाही. तो खेळ खेळणाऱ्यांनी आजवर मिळून किती पाणी सांडलं असेल, देव जाणे! पण ते सगळं खोटं. खरं पाणी सांडणारा खेळाडू मी एकटाच, आणि तेही टाकीला ओरखडा न पाडता!