आबांनी गिरणी थांबवली

मेहरूणच्या आमच्या गिरणीवाल्या आबांना हळू बोलता येतच नसे. गिरणी बंद असली तरी ते ओरडूनच बोलायचे. पीठ पडू लागलं की चिमटीत घेऊन चोळून बघायचे. मनासारखं नसलं तर कुणाला न विचारता परत दळायचे.

बारावीचा निकाल लागला त्या दुपारी मी लेकीला घेऊन दळणाला गेलो. "मार्क चांगले पडलेत," मी म्हणालो, "पण एवढ्या मार्कांत पुण्याच्या इंजिनिअरिंगला नंबर लागायचा नाही. फॉर्मच भरत नाही."

आबांनी भर गर्दीत गिरणी बंद केली. डबे घेऊन बसलेल्या बाया बघतच राहिल्या.

आबांची लेक धुळ्याला दिलेली. तिच्या वर्षी पुण्याची यादी तिच्याहून कमी मार्कांवर थांबली होती, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. आबांनी तिला फॉर्मच भरू दिला नव्हता.

"फारम भरी दे, पोरी," ते माझ्या लेकीला म्हणाले. इतकं हळू मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "नही म्हनानं काम कालेजवालासनं शे. मी त्यासना आधीच म्हनी टाकं."

मग त्यांनी गिरणी सुरू केली. आमचं पीठ पडू लागलं, पण त्या दिवशी आबांनी ते चिमटीत घेऊन पाहिलं नाही.