स्टारच्या जागी कोहिनूर

भूत, करणी, भानामती... आमच्या बिदरकडे या गोष्टींना तोटा नाही, आणि त्यांची टिंगल करण्यात माझा नंबर पहिला. मैलूरला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. अंगात आलेल्या बाईला पासवर्ड विचारणारा माणूस मी! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहितो.

माझा धाकटा भाऊ महादेव लग्नाच्या विषयावरून अप्पांशी भांडून घरातून निघून गेला. फोन बंद. नातेवाईक झाले, पोलीस झाले, पत्ता नाही. आईने अन्न सोडलं. शेवटी एका दुपारी क्लासमध्ये बसून, मनावर दगड ठेवून, मी बेवारस मृतदेहांच्या बातम्या शोधायला लागलो. गाव कुठलं ते माहीत नव्हतं. मुलांना मीच शिकवतो — जो शब्द माहीत नाही त्याच्या जागी स्टार टाका, सर्च इंजिन ती जागा भरून देतं. तसंच टाइप केलं : "* शिवारात अनोळखी तरुणाचा मृतदेह".

बऱ्याच बातम्या आल्या, बहुतेक जुन्या, लातूर-उदगीरकडच्या. मधेच एक होती... कोहिनूर शिवारात, विहिरीत, अंगात पिवळा शर्ट, उजव्या हातावर 'आई' गोंदलेलं. महादेवच्या हातावर तेच होतं. क्लिक केलं तर पान उघडेना. मागे आलो तर ती बातमीच नाही.

कुणालाही न सांगता मोटरसायकल काढली आणि बसवकल्याणच्या पुढे कोहिनूर गाठलं. तिथे असं काही घडलंच नव्हतं. शिवारात पहिली विहीर लागली तिच्या मालकाने, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने, मला काठाशी नेलं. मोटर चालू होती, तळ दिसत होता. जीव भांड्यात पडला. त्यांच्याकडे चहा प्यायलो, भाऊ सापडत नाही म्हणून नंबर देऊन ठेवला आणि स्वतःलाच शिव्या घालत परत आलो. घरी चकार शब्द काढला नाही.

दोन दिवसांनी त्याच म्हाताऱ्याचा फोन आला. त्याच विहिरीत... पिवळा शर्ट.

पंचनामा चालू असताना ते माझ्याजवळ येऊन बसले.

"काल सांजच्याला आलता, अण्णा. म्हणला, माझा भाऊ येऊन कोणती हीर बघून गेला? मी दाखिवलो. भाऊ तुला हुडकायलाय, घरला जा म्हणलो. व्हय म्हणला, म्हणून फोन केलो न्हाई."

मी तिथे गेलो होतो हे महादेवला कोणी सांगितलं? मी कुणाला बोललो नव्हतो, त्याचा फोन तर पहिल्या दिवसापासून बंद होता. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली — मी वाचल्या होत्या त्याच ओळी, शब्द न् शब्द.

जाणकारांना विचारलं. जुनी बातमी असेल, भास असेल, असं म्हणतात. असेलही. मला खरंच काही कळत नाही. मी त्याला शोधायला गेलो, की त्याला जागा दाखवायला, एवढंच डोक्यात फिरत राहतं. आई अजून विचारते, आपलं तिथं कोण न्हाई, तर लेकरू कोहिनूरलाच कामून गेलं? मी मान खाली घालून जेवत राहतो.