गोपाळ मेला नाही, त्याची हकिकत

"मी मरणार न्हाय, मास्तर! काय वाट्टेल ते करा, मी मरणार न्हाय!"

व्यंकटी कुबडीवर रेलून असा ओरडत होता, की भोंगा झाला समजून जवळच्या गिरणीतले लोक जेवायला सुटले, असं म्हणतात. लोक कमीच सांगतात. दोन गिरण्यांतले सुटले. आणि ज्यांच्यावर तो ओरडत होता, ते आमचे तात्पर्यमास्तर हातातले कागद छातीशी धरून अजिजीनं म्हणत होते, "अरे बाळ, पण शेवटचं पान आलं ना!"

तात्पर्याशिवाय मास्तरांना घास उतरत नसे. भाकरी करपली तरी त्यातून ते बोध काढत, आणि मग तीच भाकरी समाधानानं खात. एका लग्नात मंगलाष्टकं संपून अक्षता पडायच्या आत त्यांनी तात्पर्य सांगितलं, आणि नवरामुलगा हार हातात धरून विचारात पडला तो दिवेलागणीपर्यंत. हे मी शहाण्यासुरत्या माणसांना शपथेवर सांगताना ऐकलं आहे.

तर हे मास्तर मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं लिहीत. दर पुस्तकात एक आंधळं, पांगळं नाहीतर मुकं मूल असायचं, आणि ते इतकं गुणी, की उचलून देव्हाऱ्यात ठेवावं. धडधाकट मुलं त्याला छळायची. शेवटच्या पानावर ते मरायचं. मग धडधाकट मुलं ढसाढसा रडायची आणि त्यांना मैत्रीची थोरवी पटायची. एक आंधळी मुलगी मास्तरांनी सीना नदीच्या पुरात घालवली. एका मुक्या मुलासाठी तर वाघ आणला. सोलापूरकडं वाघ कुठला? पण तात्पर्य अडलं होतं.

नवी गोष्ट छापखान्यात जाण्याआधी शनिवारी सकाळच्या शाळेत वाचून दाखवायची, हा त्यांचा नेम. त्या शनिवारच्या गोष्टीतला गोपाळ एका पायानं अधू, विणकराच्या घरचा आणि जुन्या मागाच्या लाकडाची कुबडी वापरणारा होता. अशी कुबडी आख्ख्या गावात एकच होती आणि ती माझ्या शेजारी तरटावर पडली होती. गोपाळला ताप चढू लागला तसा सगळा वर्ग वळून व्यंकटीकडं बघू लागला. त्यानंतरचा आरडाओरडा वर आलाच आहे.

दुपारी व्यंकटीची आई मास्तरांच्या दारात. तेलुगू विणकरांचं घर. मास्तरांनी लिहिलेलं आणि त्यातून छापायला निघालेलं म्हणजे तिच्या लेखी पंचांगाइतकं पक्कं. ती भांडली नाही. अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत तिनं एवढंच विचारलं, की ताप नक्की कुठल्या जातीचा, म्हणजे काढा आजपासूनच सुरू करता येईल. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे, आणि न जेवण्यातूनही त्यांना काही बोध निघेना.

गिरणीगावची पोरं आम्ही. दुधाचे दात पडायच्या आधी आम्हाला संप कळे. सोमवारी आख्खा वर्ग बाहेर कडुनिंबाखाली बसला. गोपाळ जगल्याशिवाय पाढे म्हणणार नाही, असं ठरलं. पाढे न म्हणण्याची संधी आम्ही एरवीही सोडली नसती, पण या खेपेला कारण थोर होतं.

मास्तर बोलणी करायला बाहेर आले. मरण मागं घेतो म्हणाले, पण मग शेवटच्या पानावर गोपाळचा पाय बरा होईल. अक्कलकोटचा अंगारा लावला, की तो पळत सुटेल.

व्यंकटीनं बराच विचार केला. त्याची कुबडी आम्हा सगळ्यांचा दांडू होती, बोरं झोडायची काठी होती आणि भांडणात तोफ होती.

"पाय बरा झाल्यावर कुबडी ही पोरं पळवतील की," तो म्हणाला. "पाय हाय तसाच ऱ्हाऊ द्या."

"मग त्याचं करू काय मी?" मास्तर रडकुंडीला आले.

"खेळू द्या की."

मास्तरांनी त्याला खेळू दिलं आणि तिथंच फसले. गोपाळ त्यांना आवरेना. रोज सकाळी ते विस्कटलेल्या केसांनी वर्गात येऊन शेजाऱ्याचं गाऱ्हाणं सांगावं तसं सांगायचे: आज त्यानं शेंगा चोरल्या, आज गोट्यांत रडी खाल्ली, आणि मी थांब म्हटलं तर माझ्याच दौतीवर कुबडी आपटली. त्यांच्या धोतरावर शाई मी स्वतः पाहिली आहे.

पुस्तक जिल्ह्याच्या शाळांत बक्षिसाला लागावं, ही मास्तरांची जन्माची इच्छा. शाळा तपासायला आलेल्या दिपोटी साहेबांनी ते उलटसुलट वाचलं, झटकूनही पाहिलं. तात्पर्य कुठून पडेना. पांगळ्या मुलानं दया शिकवावी, हा तर इतरांच्या गोट्या लुटतो! साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, शेवटी एक ओळ घाला, "आणि गोपाळ देवाघरी गेला". पुस्तक मंजूर करतो.

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "पोरांशी बोलणी झालीत साहेब. आता नाही मारता येत."

पुस्तक नामंजूर झालं. महिन्याभरात मास्तरांची मंगळवेढ्याला बदली झाली.

ते निघाले तेव्हा सर्व्हिस मोटारीच्या टपावर पदरमोड करून छापलेल्या आणि न खपलेल्या गोपाळांचे एवढे गठ्ठे होते, की मोटारीची पुढची चाकं जमिनीला टेकत नव्हती. मास्तरांनी खिडकीतून एक प्रत व्यंकटीच्या हातात दिली. त्यानं ती तिथंच, कुबडीला टेकून, पहिल्या पानापासून वाचायला घेतली. ड्रायव्हर ओरडून थकला, उतारूंनी शिदोऱ्या सोडल्या, इंजिन गार पडलं. पण पुस्तक मिटेपर्यंत मास्तरांनी मोटार हलू दिली नाही.

"कसा वाटला रे गोपाळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"लबाड हाय," व्यंकटी म्हणाला. "आमी न्हाय त्याला खेळायला घेणार."