नव्याण्णव वर्षांची लेक

दगावलेल्या मुलांच्या जुन्या फायली नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना आकडेवारी खात्यातल्या बाईंची एक खूण हरवली. वय ठाऊक नसलं की त्या नव्याण्णव लिहीत; जुनं सॉफ्टवेअर तो आकडा वगळायचं, नव्यानं तो खराच धरला.

"बाई, मुलांच्या यादीत एवढे म्हातारे कुठून घुसले हो?" साहेब हसले. "नव्याण्णव दिसेल तिथं पुसून टाका."

बाईंना हसू आलं नाही. त्यात त्यांची अकरा दिवसांची लेकही होती. वर्षांच्या रकान्यात तिच्यापुढे शून्य लिहायला तेव्हा हात धजला नव्हता, म्हणून त्यांनी नव्याण्णव टाकलं होतं.

बाईंनी एकेक नव्याण्णव पुसलं. लेकीच्या ओळीत मात्र, तीस वर्षांनी, शून्य लिहिलं.