सुमनबाय आणि फरशीवरची पार्वती

पहिल्या भेटीत सुमनबायने माझे नावसुद्धा विचारले नाही. पेडण्याहून डिचोलीच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले आणि तिच्याकडे भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा मला पायांपासून वर न्याहाळत ती म्हणाली, "तुझा डावा खांदा उतरलाय गो. पिशवी दुसऱ्या हातात घे." माणूस उभा कसा राहतो, हे ती आधी बघायची. तोंडाकडे मागाहून.

चिनीमातीच्या पांढऱ्या फरशांवर ती बायकांची चित्रे काढायची आणि परसातल्या भट्टीत भाजायची. एकदा भाजलेला रंग पुसता येत नाही. त्यामुळे तिचा हात ठाम होता, आणि जीभही.

एका खाणमालकाने नव्या घराच्या व्हरांड्यासाठी तिला बारा फरशा सांगितल्या. तिने त्याच्याच खाणीवर घमेली वाहणाऱ्या बायका काढल्या. त्या बघून तो म्हणाला, "बाय, ह्यांच्या अंगावर थोडे दागिने तरी घाला."

"आधी तुम्ही त्यांच्या अंगावर घाला," ती म्हणाली, "मग मी काढते."

फरशा परत आल्या. त्यानंतर बरेच दिवस डिचोलीत तिला कोणी काम सांगितले नाही.

त्या बायकांत सिंधुदुर्गातून आलेली पार्वती होती. एका रविवारी सुमनबायने तिला फरशा बघायला घरी बोलावले. पार्वतीने स्वतःची फरशी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि शांतपणे खाली ठेवली.

"बाये, ही मी न्हय. माझा तोंड असा केविलवाणा नाय. आमी घमेला उचलताना गजाली करतों, हसतों."

आता सुमनबाय काय बोलते, म्हणून मी माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारातून बघत होते. मालकाला जिने जुमानले नव्हते, तिने पाट पुढे सरकवला.

"चुकलं माझं. बस. काय गजाली करता त्या सांग बघू."

दुपारभर पार्वती बोलत होती, सुमनबाय कागदावर रेघा मारत होती. आठवड्याने भट्टीतून नवी फरशी निघाली: डोक्यावर घमेले, मान किंचित वळलेली, गोष्ट सांगता सांगता उघडलेले तोंड.

"हां," पार्वती म्हणाली. "ही मी."

पुढे त्या फरशा आमच्या शाळेच्या भिंतीवर बसल्या. दूरदूरचे लोक बघायला यायचे.

सुमनबाय गेली तेव्हा शाळेत शोकसभा झाली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी तिच्या कलेवर भरभरून भाषणे केली. पार्वती मागच्या बाकावर बसली होती. सगळे उठल्यावर ती माझ्याजवळ आली.

"बाये, ते लोक कायकाय बोलले, माका कळाक नाय," ती म्हणाली. "पण तिना माका इचारून काढलान."