रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं

तुमच्या या सदरातले गूढ अनुभव मी वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो... आधीच सांगून ठेवतो. मी मोटारवाला माणूस. इंजिन तापलं तर त्याला कारण असतं आणि हात काळे केले की ते सापडतं, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय, कारण एका गोष्टीचं कारण मला म्हातारपणीही सापडलेलं नाही.

दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चालायचा — मोठे कागद नागपूरला, आमच्यासारख्यांचे बुलढाण्याला. अमडापूर ते खामगाव माझी सर्व्हिस मोटार होती, जुनीच. सोबतीला मावसभाऊ किसन. मावशी गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. माझ्या आईनं त्याला वाढवलं, आम्ही एका ताटात जेवलो. मोटार मी चालवायचो. उतारू आणि पाणी त्याच्याकडं. सकाळी रेडिएटर तोच भरायचा. त्यानंतर मी झाकण उघडून कधी पाहिलं नाही. भावानं भरलेलं पाणी काय तपासायचं?

त्या हिवाळ्यात मोटार उकळायला लागली. पाच-सहा मैल जात नाही तोच झाकणातून वाफ. उतारू झाडाखाली बसून माझ्या मोटारीला नावं ठेवायचे. मी पंख्याचा पट्टा बदलला, रबरी नळ्या बदलल्या. ठिणगी उशिरा पडते की काय म्हणून टायमिंग लावून पाहिलं, हेडचं पॅकिंग नवं घातलं... ही बया आपली उकळतेच.

शेवटी चिखलीच्या करीम मिस्त्रीकडं नेली. त्यानं रेडिएटर उतरवून उलटा केला. आतला पांढरा थर नखानं खरवडला, जिभेला लावला आणि थुंकला. "हा लोनारच्या तळ्याचा खार हाये," तो म्हणाला. "नाराज नको होऊ भाऊ, पन पानी कोन भरते थे पाह्य."

किसनची सासुरवाडी लोणारची, आणि महिन्यातून एकदा त्याची तिकडं फेरी असायची. रोख कुणावर ते उघड होतं. मी भडकलो. आमच्या विहिरीचं पाणीच जड आहे, तू दुसऱ्याच्या घरात काड्या घालू नको, असं काहीबाही बोललो. घरी येऊन किसनला सांगितलं, तर तोही हसला आणि मिस्त्रीचं डोकं फिरलंय म्हणाला. मला बरं वाटलं. आता त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते.

सोमवारी मोटार बुलढाण्याला दाखवायची होती. पास झाली तर परवाना, नाही तर रस्ता दुसऱ्याला. खामगावचा एक दलाल नवी मोटार घेऊन याच रस्त्यासाठी टपून बसला होता, आणि आमच्या घरातली सहा माणसं माझ्या मोटारीवर जगत होती. निघताना पाहतो तर किसन ओसरीवर गोधडी घेऊन पडलेला. "मले कणकण हाये अंगात," तो म्हणाला. "पानी भरलं म्या. तू बिनघोर जाय."

अमडापूर ते बुलढाणा, चिखलीवरून पंचवीसेक मैल. मोटार अशी धावली म्हणता! वाफ नाही, वास नाही, इंजिनाचा आवाज एकसारखा. मी चक्क गुणगुणत होतो. परत जाताना आजारी भावासाठी काय खायला न्यावं, याचा विचार करत होतो.

कचेरीपुढं तपासनिसानं बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढून आत काडी घातली. काडी कोरडी. तो वाकला आणि मलाही त्यानं खाली पाहायला लावलं. पाणी सोडायची तोटी सबंध उघडी होती. ती फिरून मिटू नये म्हणून तारेनं बांधली होती. कुठून आलात, त्यानं विचारलं. अमडापूरहून, मी म्हटलं. त्यानं इंजिनाला हात लावला, मग माझा हात धरून तिथं टेकवला... इंजिन माठासारखं थंड होतं.

तेवढ्यात दलालाची नवी मोटार मागं येऊन थांबली. आमच्याच रस्त्यानं आली असणार, मी कुठं बंद पडलोय ते पाहत. तिच्यातून किसन उतरला. अंगात धुतलेला कोट, हातात परवान्याच्या अर्जाचे कागद. मला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"तू... आला कसा?"

त्यानं मान फिरवली.

तपासनिसानं तोटी मिटवून पाणी भरायला लावलं, मोटार पुन्हा पाहिली आणि परवाना मला मिळाला. किसन पुन्हा घरी आला नाही. आई मरेपर्यंत त्याची वाट पाहत होती. थंडीमुळं झालं असेल, उतारामुळं झालं असेल, असं नंतर अनेक मोटारवाले मला म्हणाले. त्यांनाही ठाऊक आहे की पाण्याशिवाय इंजिन पाच मैलांत बसतं.

मोटारीनं तुम्हाला वाचवलं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. ती त्या दिवशी वाटेत जळून बंद पडली असती, तर मी पायी घरी गेलो असतो आणि किसनच्या गळ्यात पडून रडलो असतो. त्यानं माझी समजूत काढली असती, आणि मी ती खरी मानली असती.